आवाज नंतर बघू

आम्ही चार-पाच जण आता पन्नाशी ओलांडलेली माणसं. महिन्यातून एकदा गारखेड्यात एका हॉटेलात चहाला बसतो. आज फक्त गुडघे, प्लॉटचे भाव आणि पोरांची लग्नं एवढंच बोलायचं, असं ठरवून बसतो. पण पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, बंटीची पोरगी आठवते का रे?" झालं! एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा त्याच्या शेपटाला लटकून बाहेर येतो. इतक्या वर्षांत एकही कमी झालेला नाही, उलट वाढलेत. बाकीचे पोट धरून हसतात. मी हसता हसता तापतो. बायको घरून निघतानाच सांगते, "बीपीची गोळी घेऊन जा."

विषय एकच. आमची सिरियल, 'कट्टा नंबर चार'. अकरावी-बारावीतल्या पोरापोरींची गोष्ट होती, टीव्हीच्या मुंबई केंद्रावरून आठवड्याला एकदा लागायची. तेव्हा वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटलेला होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. या सगळ्याच्या मधोमध आम्ही तोंडाला पावडर फासून कट्ट्यावर बसलेलो. मी ढोल्या मित्र होतो. माझं काम म्हणजे वडापाव खायचा आणि पडायचं.

*

मुंबईहून आलेल्या डायरेक्टर साहेबांना अस्सल मराठवाडी पोरं पाहिजे होती. "मला मातीतली माणसं हवीत," असं ते भेटेल त्याला सांगायचे. ऑडिशनला आम्ही मातीतली माणसं रांगेत उभी राहिलो.

माझा नंबर आला. मी म्हटलं, "सर, मी इथंच राहतो, गारखेड्यात."

साहेब म्हणाले, "इथंच नाही, इथेच. परत बोल."

मी परत बोललो. साहेब खूश झाले. म्हणजे यांना अस्सल पाहिजे होतं, पण धुऊन, इस्त्री करून!

माझ्या मागे सुजाता होती. ती माझ्याच वर्गात. तिचे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर होते. मूळचे पाचोडकडचे. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हापासून हे बौद्ध कुटुंब शहरात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकदा माइक बंद पडला होता, तरी सुजाताचं भाषण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं होतं. असा तिचा आवाज.

साहेबांनी विचारलं, "टीव्हीवर का यायचंय तुला?"

ती म्हणाली, "माझ्या आईचे डोळे अधू हायेत, सर. तिला दिसनार नाय, पन ऐकू येईल. म्हनून."

साहेबांनी डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं. सातवा भाग तिच्यावरच लिहायचा, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. तो माणूस असा सहज रडायचा, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

*

आता हिरो. पैसा लावणारे शेठजी वाळूजला नटबोल्ट बनवायचे. त्यांच्या दोन अटी होत्या. त्यांचा मुलगा बंटी हिरो पाहिजे, आणि प्रत्येक सीनमध्ये त्यांच्या कंपनीचं खोकं दिसलं पाहिजे.

दोन्ही अटी मान्य झाल्या. आमच्या कट्ट्यावर खोकी, वर्गात खोकी, लायब्ररीत खोकी. प्रेमाचा सीनसुद्धा नटबोल्टच्या खोक्यावर बसून झाला. हिरोईनच्या ओढणीला ग्रीस लागलं तर साहेब तिच्यावरच ओरडले. तिचा काय दोष, सांगा!

बंटी अकरावीतला विकी झाला होता. दिवसातून दोनदा दाढी करायचा आणि तरी संध्याकाळच्या सीनला हनुवटी हिरवी दिसायची. एक दिवस तो हिरोईनला म्हणत होता, "आई मला ट्रिपला पाठवणार नाही गं." एवढ्यात एक चिमुरडी धावत फ्रेममध्ये आली आणि त्याच्या पायाला मिठी मारून म्हणाली, "पप्पा, शू आली."

बंटीला एकही डायलॉग पाठ व्हायचा नाही. खोक्यामागे खाली बसून सुजाता त्याला शब्द पुरवायची. स्वतःचे तर तिला पाठ असायचेच, बंटीचे, माझे, प्राचार्यांचेसुद्धा. आख्खाच्या आख्खा भाग तिच्या तोंडात. श्रेय मात्र बंटीला. "काय पाठांतर आहे!" असं शेठजी सेटवर येऊन म्हणायचे.

*

भाषा तपासायला पुण्याहून एक मॅडम बोलावल्या होत्या. हातात लाल पेन. 'लई' दिसलं की मार फुली. 'व्हय' दिसलं की मार फुली.

सुजाताच्या भागाची गोष्ट अशी होती. मंजू नावाची मुलगी शिकायला शहरात आलेली, तिची आई पाचोडच्या बाजारात मिरच्या विकते. मंजू हे मैत्रिणींपासून लपवते, शेवटी लपवणं सोडून देते. पहिलाच सीन बाजारातला. मंजू आईला म्हणते, "लई ऊन हाय, माय. तू सावलीत बस." मॅडमनी तिथंही फुली मारली आणि वर लिहिलं, 'ऊन फार आहे गडे.'

सुजाता कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "मॅडम, पाचोडच्या बाजारात कधी गेलात का?"

"नाही. का?"

"तिथं जाऊन एकदा कुणालाही गडे म्हना. मिरच्या फुकट देत्यान, पन परत येऊ नका म्हनत्यान."

आम्ही हसलो. मॅडमसुद्धा हसल्या. साहेबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली, "बरं, तुझ्या पद्धतीनं बोल. आवाज नंतर बघू." ते वाक्य त्या दिवशी आम्हाला चांगलं वाटलं होतं.

*

शहरातली एक भिंत मोकळी नव्हती. जिथं तिथं निळ्या रंगात लिहिलेलं, 'नामांतर झालेच पाहिजे'. साहेबांना मात्र असं शहर दाखवायचं होतं की जिथं काहीच घडत नाही. "हे कुठलंही गाव असू शकतं, असं वाटलं पाहिजे," म्हणायचे. मग आमच्याकडे कशाला आलात? मुंबईतच एखादं कुठलंही गाव बांधायचं होतं!

कट्ट्यामागच्या भिंतीला चुना मारायला एक रंगारी रोजावर ठेवला. त्यानं मन लावून भिंत पांढरी केली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर घोषणा पुन्हा हजर, आधीपेक्षा ठळक. पुन्हा चुना, पुन्हा घोषणा. आदल्या सीनमध्ये भिंत पांढरी आणि पुढच्यात निळी, त्यामुळे एडिटर रडकुंडीला आला.

शेवटी साहेबांनी रंगाऱ्याला हाक मारली. "हे लिहितं कोण? तुला माहीत असेल."

रंगाऱ्यानं भिंतीकडे मान वाकडी करून जरा वेळ बघितलं. म्हणाला, "साब, कोण लिखता क्या मालूम. मगर अक्षर बघा किती सुबक हाय."

चुन्यानं त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा होता. नखं तेवढी निळी.

*

सातव्या भागाचा शेवटचा सीन शेंद्र्याला एका घरात होता. मंजू कॉलेजातून घरी येते, दारात थांबते, आणि बापाला सांगते की उद्या सगळ्या दोस्तांना जेवायला बोलावलंय. बापाचं काम दगडूमामा करत होते. हे पाचोडचे धनगर. मेंढरं राखून म्हातारे झालेले, जत्रेतल्या सोंगांत काम करणारे. साहेबांना त्यांचा चेहरा फार आवडायचा. "काय चेहरा आहे! बोलू नका, नुसते बसा," असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

सुजातानं फक्त "आले मी, बाबा" म्हणून आत यायचं होतं. पहिल्या टेकला लाइट गेली. मग शेळी आत शिरली. मग सगळं जमलं, तर शेठजींचं खोकं फ्रेममध्ये नव्हतं. सकाळपासून दुपार झाली. सुजाता उन्हात दाराबाहेर उभी, पोटात काही नाही. पुन्हा "ॲक्शन" झालं, ती उंबऱ्यात आली, बापाकडं बघून तिनं खणखणीत आवाजात म्हटलं, "जय भीम, बाबा."

आणि नुसते बसायला सांगितलेले दगडूमामा हसून म्हणाले, "जय भीम. ये माय, ये."

पुढचा सगळा सीन तिनं असा केला की कॅमेरामन कट म्हणायची वाट बघत तसाच थांबून राहिला. मग साहेब भडकले. "हे काय? हे असलं टीव्हीवर चालत नाही! बाहेर काय चाललंय माहीत आहे ना? केंद्रावर माझा भाग अडवतील!"

सुजाता म्हणाली, "चुकून गेलं, सर. घरात शिरताना आम्ही म्हनतोच. बाबांची शिस्त हाय. गावात असताना हळू म्हनावं लागायचं, म्हनून इथं दारातच मोठ्यानं म्हनायचं."

साहेब दगडूमामांकडे वळले. "आणि तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं?"

मामांनी पागोटं सारखं केलं. "साहेब, लेक दारात येऊन रामराम घालू द्या, न्हाय तर जय भीम घालू द्या. बाप गप बसंल का?"

पुन्हा टेक घ्यायचे म्हणून सगळे उभे राहिले, तर लाइट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी शहर बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचं मुंबईचं तिकीट. खोक्यासकट संपूर्ण टेक तेवढा एकच होता. साहेब कॅमेरामनला म्हणाले, "चेहरा उत्तम आलाय ना? मग झालं. आवाज नंतर बघू."

*

सातवा भाग लागायचा त्या संध्याकाळी सुजाताच्या वस्तीतल्या विहारात टीव्ही आणून ठेवला होता. मला बोलावणं होतं. सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दगडूमामा दुपारच्या एसटीनं पाचोडहून आले होते, घोंगडं अंथरून मागच्या भिंतीला टेकून बसले होते. सुजाताची आई सगळ्यात पुढं, टीव्हीच्या इतकी जवळ की कान स्पीकरच्या जाळीला लागावा.

भाग सुरू झाला. पाचोडचा बाजार आला, सुजाता आली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुजाताचं तोंड उघडलं आणि त्यातून कुणीतरी गोड, लाडिक, साखरेत घोळवल्यासारखं बोललं, "ऊन फार आहे गडे. तू सावलीत बस ना."

शिट्ट्या थांबल्या. पडद्यावर सुजाता पुन्हा बोलली. पुन्हा तीच बाई. मुंबईत परस्पर दुसरीच बसवून त्यांनी सगळा भाग तिच्याकडून बोलवून घेतला होता. आम्हाला, तिला, कुणालाही एका शब्दानं विचारलं नव्हतं. तोंड वापरायला चाललं, घाम चालला, उन्हात उभं केलेलं चाललं. आवाज चालला नाही!

तिच्या आईनं मान वर केली. "ही कोन बोलायली? आपली सुजी कव्हा येनार?"

सुजाता दाराशी उभी होती, तिथून ती हललीही नाही. बंटी पडद्यावर काहीतरी म्हणत होता. आई पुन्हा म्हणाली, "आगं, संपलं का? सुजी आलीच नाय का?"

तेव्हा सुजाताचे वडील उठले. दिवसभर ड्यूटी करून तसेच आले होते, अंगात कंपनीचाच शर्ट. ते टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण डावीकडं फिरवत फिरवत पार बंद केलं. मग लेकीकडं बघून म्हणाले, "ये. तुला पाठ हाय ना?"

ती माणसांतून वाट काढत पुढं आली आणि टीव्हीच्या शेजारी उभी राहिली. पडद्यावर मंजूचे ओठ हलले की इकडं सुजाता बोलायची. "लई" जिथं होतं तिथं "लई", "व्हय" जिथं होतं तिथं "व्हय". बंटीचे डायलॉगही तिनंच म्हटले, प्राचार्यांचेही. माझा सीन आला तेव्हा मी वडापाव खात होतो, म्हणून मला बोलावं लागलं नाही. तिची आई आता टीव्हीकडं नाही, तिच्याकडं तोंड करून बसली होती.

शेवटचा सीन आला. शेंद्र्याचं घर, कोपऱ्यात शेठजींचं खोकं. मंजू उंबऱ्यात आली. मुंबईच्या बाईनं तिथं "आले मी, बाबा" म्हटलंच असणार. पण पडद्यावरचे ओठ काय म्हणत होते, ते आख्ख्या विहाराला दिसत होतं.

सुजातानं टीव्हीकडं बघितलं नाही. वडिलांकडं बघितलं.

"जय भीम, बाबा."

पडद्यावर दगडूमामांचे ओठ हलले. आणि मागच्या भिंतीपासून, घोंगड्यावरून आवाज आला,

"जय भीम. ये माय, ये."