घरच्या गच्चीवरचे लोखंडी पंजे

शिलाई मशिनखाली चिंध्यांचं एक गाठोडं असतंच. टाकायचं म्हणून ठेवलेलं असतं आणि कधीच टाकलं जात नाही. आमच्या पंजांचे किस्से तसेच साठत गेले. कुणी चहाला आलं, खिळ्याला टांगलेला लोखंडी हात बघून "अगं बाई, हे काय?" म्हणालं, की एक किस्सा निघतो. त्याला अडकून दुसरा येतो. पाहुणा उठायला बघतो, पण आम्ही उठू देतो होय!

आधी माणसं सांगते. मी शांता. बिदरच्या मैलूरमध्ये ब्लाऊज शिवते. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान महादेवअण्णा, बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. जन्मभर बसचे पत्रे ठोकले. शेजारची नसीमाआपा चामड्याच्या पर्स शिवते. आणि सिद्धार्थ सर हायस्कुलात इतिहास शिकवतात, सुट्टीत नाटक बसवतात. आमच्या चौकडीनं घरी बसून जुन्या सरदारांसारखे लोखंडी पंजे बनवले. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, घालून मूठ वळता येईल असे. कुणाला खोटं वाटत असेल तर गच्चीवर या, दाखवते.

*

सुरुवात पुठ्ठ्यापासून झाली. सरांच्या नाटकात सेनापतीला चंदेरी रंग दिलेला पुठ्ठ्याचा पंजा होता. उन्हाळ्याचे दिवस, वरून दिव्यांची धग, आत घाम. सेनापतीनं "आक्रमण!" म्हणून हात वर केला आणि पाचही बोटं एकेक करून खाली लोंबली!

पहिल्या रांगेतून आवाज आला, "आरं धरा त्याला! लकवा मारला!"

दुसऱ्या दिवशी सर तो ओला पुठ्ठा घेऊन माझ्या दारात. "शांताक्का, चंदेरी कापडाचा शिवून देता का?"

"कापडाचा कामून? पत्र्याचाच करू की."

"पत्र्याचा? घरी?"

"मग ब्लाऊज काय कारखान्यात शिवते व्हय मी?"

मालक पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच बोलले, "पत्रा लई जाड घेऊ नका, सेनापतीचा हात वर जाणार न्हाई. लई पातळबी नको. परत लकवा मारंल."

झालं! गच्चीवर काम सुरू.

*

काम तसं ब्लाऊजसारखंच. कागदावर हाताचं माप काढायचं, कागद पत्र्यावर ठेवून रेघ मारायची, मोठ्या कात्रीनं कापायचं. कडा कानशीनं घासायच्या, नाहीतर रक्त निघतं. मग लाकडाच्या ओंडक्याला खळगा पाडलाय, त्यात ठेवून हातोडीनं गोलाई आणायची. बोटांचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवून रिबिट, म्हणजे जोडाचे बारके खिळे, ठोकायचे. आतून आपाचा चामड्याचा मोजा. फरक एवढाच, की कापड चुकलं तर उसवता येतं!

माझा कागद उजव्या हाताचा. तो उलटा ठेवला की डाव्याचा होतो. बाह्या कापताना मी हे डोळे मिटून करते. त्या दिवशी डोळे उघडे होते, पण तोंडही चालू होतं. मालकांनी चार दिवस खपून जोडी पुरी केली. पहिला पंजा डाव्या हातात घातला. झकास बसला. मग दुसरा उजव्यात घालायला लागले. जाईना. वळवून बघितला, फिरवून बघितला, जाईना. शेवटी पहिला काढून दुसरा डाव्यातच घातला. तोही झकास बसला!

मग मालक शांतपणे म्हणाले, "शांता, मला दोन्ही हात डावेच हायेत, हे लग्नाच्या वक्ताला तुझ्या अप्पाला कुणी सांगितलं व्हतं का गं?"

मी हसू दाबतेय तोवर आपा उठून आत गेली. मशिनवरचे शिवायला आलेले कपडे उपसायला लागली. म्हटलं, "आपा, काय हुडकायलीस?"

"मेरा ईद का कुर्ता किधर है, अक्का? दोनों बाहें पहले मैं देख लेती!"

*

गच्चीवर ठकठक सुरू झाली की गल्लीला वाटायचं, महादेवअण्णांनी भांड्यांचं दुकान काढलं. एक एक जण पोचे आलेली भांडी घेऊन वर यायला लागला. कळशी, पातेलं, एकानं तर स्कूटरचं मडगार्ड आणलं. मालक आधी चिडले. मग ओंडक्यावर ठेवून दोन ठोक्यांत पोचा काढून द्यायला लागले. हातच तसा आहे त्यांचा!

समोरच्या गल्लीतली एक आजी कळशी घेऊन आली. तिथं मांडून ठेवलेले बोटांच्या सांध्यांचे खोलगट गोल तुकडे तिनं उचलून उजेडात धरले. बराच वेळ बघितले. मग मालकांना समजावून सांगितलं,

"अण्णा, पळ्या लई लहान झाल्या बगा. ह्येनं आमटी वाढायची म्हटलं तर पंगत उठंल, पण वाढणं व्हायचं न्हाई!"

*

सिद्धार्थ सरांना दम निघत नाही. एकदा सकाळी शाळेला जाता जाता आले, नवा पंजा उजव्या हातात चढवला, आणि मनगटाची पट्टी अडकून बसली. रिबिट वाकलं होतं. मालक बाजारात गेलेले. शाळेची घंटा व्हायची वेळ. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जातो तसाच." आणि गेले! स्कूटरवरून लोखंडी हातानं वळायची खूण करत गेले. मागची सगळी वाहनं थांबली म्हणे.

शाळेत हजेरीच्या मशिनला अंगठा लागतो. सरांचा अंगठा पत्र्याच्या आत. मशीन "पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा" बोलत राहिलं. हेडमास्तर बाहेर आले. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सर, हे काय करायलाव?"

"हजेरी, सर."

"कोणत्या शतकातली?"

वर्गात सरांनी खडू उचलला, त्याचं पीठ झालं. दुसरा उचलला, त्याचंही पीठ. मग फळा सोडला आणि हात दाखवूनच लढाई शिकवली. तलवार कशी अडवायची, घोड्याचा लगाम कसा धरायचा. इकडं मालक घरी आले, मी त्यांना पक्कड देऊन शाळेत पिटाळलं. वर्गाच्या दारात हे पक्कड घेऊन उभे, आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली,

"सर, तास संपल्यावर काढा!"

*

हा मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावरचा. निवडणूक तोंडावर आलेली, हायवेवर तपासणी नाका. आम्ही चौघं नाटकाचं सामान घेऊन जीपमध्ये. अधिकाऱ्यानं मागची ट्रंक उघडायला लावली. वरच दोन लोखंडी पंजे, बोटं पसरून, आशीर्वाद दिल्यासारखे!

"इदेनु?" अधिकाऱ्यानं कानडीत विचारलं. हे काय म्हणून.

मालक सरळ माणूस. सरळ उत्तर दिलं, "पंजा."

अधिकाऱ्याच्या भुवया टोपीला लागल्या. "प्रचाराचं सामान?"

"साहेब, नाटकाचं हाय," सर पुढं झाले. "ऐतिहासिक. निवडणुकीच्या लई आधीच्या काळातलं."

"दिसतोय तर पंजाच न्हवं?"

आता ह्याला काय म्हणणार! सर चढ्या आवाजात इतिहास सांगायला लागले, मागं गाड्यांची रांग, आपा कपाळाला हात लावून बसलेली. अधिकारीही भला माणूस होता. त्यानं पंजा हातात घेतला, बोटं हलवून बघितली. खवले एकावर एक सरकत गेले, बोटं छान आत मिटली. आमचं कामच तसलं! त्याचा चेहरा खुलला. दोन्ही पंजे त्यानं स्वतः मिटवले, सुतळीनं बांधले आणि परत दिले.

"निकाल लागेपर्यंत मूठ करून ठेवा," म्हणाला. "मुठीवर कुणी उभं ऱ्हायलेलं न्हाई!"

*

आता सविताचा सांगते.

सविता आमच्याच गल्लीतली सून. माहेर आळंदकडचं मादन हिप्परगा. डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे, आवाज असा की मशीन चालू असताना गेटपर्यंत ऐकू जातो. त्या आवाजासाठी सरांनी तिला सेनापतीचं काम दिलं. बाई सेनापती! ती लगेच हो म्हणाली, पण एक अट घातली. पंजा उजव्या हातात पाहिजे, आणि पूर्ण खेळभर अंगावर राहिला पाहिजे.

कारण आम्हाला ठाऊक होतं. लहानपणी माहेरी जनावरांसाठी कडबा कापताना कुट्टीच्या यंत्रात तिची दोन बोटं गेली. करंगळी आणि शेजारचं. तेव्हापासून उजवा हात पदराखाली. लग्नाच्या फोटोतसुद्धा पदराखालीच आहे.

मापाला आली तर डावा हात पुढं केला. "अक्का, ह्येच्यावरनं घ्या, उलटं करून."

मी म्हटलं, "ज्या हाताचा पंजा, त्या हाताचं माप. ब्लाऊज दुसरीच्या अंगावरनं शिवते व्हय मी?"

ती बसून राहिली. मी टेप गळ्यात घालून बसून राहिले. चहा गार झाला. मग तिनं पदर बाजूला केला. मी कागदावर हात ठेवला, पेन्सिल फिरवली, जितका होता तितका काढून घेतला.

मालकांनी पाच बोटांचा पंजा केला. रिकाम्या दोन बोटांत लाकूड भरलं. लांबून कुणाला कळलं नसतं, इतकं नामी काम! पण तालमीत सवितानं तलवार धरली तर तीन बोटं मिटली आणि दोन ताठ उभी राहिली. तलवार घसरायची. तिनं पुन्हा धरली, पुन्हा घसरली. आम्ही सगळे जमिनीकडं बघायला लागलो.

तिनं पंजा काढून मालकांच्या पुढ्यात ठेवला. "अण्णा, ही दोन काढून टाका. नसलेल्या बोटांचं वजन मी कामून वागवू?"

मालकांनी दोन्ही बोटं कापली आणि त्या जागी पत्र्याच्या गोल टिकल्या बसवल्या. तीन बोटांचा पंजा. तलवार अशी बसली हातात, की सरांनी दोन पावलं मागं घेतली.

खेळ चांगला झाला. टाळ्या, शिट्ट्या सगळं झालं. पडदा पडल्यावर गावातली एक म्हातारी काठी टेकत थेट स्टेजवर आली. तिला लोखंडी हात घालून बघायचा होता. "एकदाच घालती गं माय. आमच्या जन्मात कुठं लढाया!"

सविता थबकली. भोवती पन्नास माणसं. मी विंगेत सुई-दोरा घेऊन उभी, आपानं माझं मनगट धरलेलं.

सवितानं पट्टी सोडली. पंजा काढला. म्हातारीनं तो हौसेनं हातात चढवला, पण आत जागाच नसल्यानं तिची दोन बोटं बाहेरच राहिली. तिनं आपल्या बोटांकडं बघितलं, पंजाकडं बघितलं, मग सविताच्या उघड्या हाताकडं बघितलं. तो हात जवळ ओढून घेतला.

"पोरी, हितली दोन कुठं गेली?"

"लढाईत, आजी."

"कुणासंगं गं?"

"कडबा कुट्टीसंगं."

म्हातारीनं मान हलवली. मग डोळे बारीक करून विचारलं, "मग जिंकलं कोण?"

सवितानं तोच हात कमरेवर ठेवला.

"कुट्टी कवाच भंगारात गेली, आजी. मी हितं उभी हाय!"