पायताणं काढा, देऊळ आलं

तात्या होडी सरळ कधीच नेत नसत. डिंभ्याच्या धरणावर रस्त्याच्या काठावरून पलीकडच्या वस्तीवर जायचं, तर समोर नुसतं सपाट पाणी. आडवं येणारं काही नाही. तरी होडी मध्येच डावीकडे वळे, थोडं पुढे जाऊन उजवीकडे, मग परत सरळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाला वल्हवता येत नाही. न राहवून विचारलं, तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "घरांवरनं न्हेऊ व्हय होडी? गल्लीनं चाललोय."

खाली त्यांचं गाव होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा निम्मी माणसं सरकारने दिलेल्या लांबच्या जमिनींवर गेली आणि बाकीची डोंगराच्या उतारावर नवी घरं बांधून राहिली. त्या वरच्या वस्तीवरच्या शाळेत मी मास्तर म्हणून गेलो. खालचं गाव मी पाहिलेलं नव्हतं. त्याची जी ओळख झाली ती होडीत बसून, तात्यांच्या तोंडून. इथे चावडी, इथे हिरड्याचा व्यापारी बसायचा तो पार, इथे विहीर, "हिचं पानी गोड, शेजारच्या विहिरीचं मचूळ." दोन्ही विहिरींवर आता सारखंच पाणी होतं, पण तात्यांच्या जिभेला फरक माहीत होता.

काही घरांवरून जाताना, म्हणजे काही घरांच्या बाजूने जाताना, ते वल्हं हळू करत आणि पाण्याकडे बघून बोलत. "काय रखमा, झाल्या का भाकरी?" रखमाबाई केव्हाच लेकाबरोबर पार दुसऱ्या तालुक्यात गेली होती. होडीतली माणसं हसत. तात्या हसत नसत. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबत आणि पुढे निघत.

लोक त्यांना 'बुडीत पाटील' म्हणत. पाटलाच्या घराण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता; सरकारी कागदांतला 'बुडीत क्षेत्र' हा शब्द कुणीतरी उचलून त्यांना चिकटवला होता. 'पाटील' त्यांना चालत असे, 'बुडीत' चालत नसे. "पान्यात हाय म्हना," ते सांगत. "मासा पान्यात आसतो, त्याला कुनी बुडीत म्हनतं का?"

माझं गाव लोणी, तालुक्याच्या पार पूर्वेला. तिथे माळ आणि टँकर. हे कळल्यावर तात्यांना भारी उत्सुकता वाटली. "मंग आमचं गाव तुमच्या लोणीला प्यायला मिळालं म्हना की."

"नाही हो तात्या. आमच्याकडे कालवा आलाच नाही."

त्यांनी वल्हं पाण्यातून वर काढलं. पाणी ठिबकत राहिलं. "न्हाई आला? मंग तुमच्या वाटचं गेलं कुठं?" पुढे कितीतरी महिने, मी सुट्टीवरून परत आलो की त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. "पोचलं का पानी?" नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटे. गाव गेलं ते निदान कुणाच्या उपयोगी पडावं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

पण तात्यांची सगळ्यांत मोठी खूण होती ती त्यांची आरोळी. वस्तीकडचा काठ यायच्या जरा आधी ते वल्हं थांबवत आणि म्हणत, "पायताणं काढा, देऊळ आलं." सगळे काढत. हिरड्याची पोती घेऊन निघालेल्या बाया, बाजाराची पिशवी सांभाळणारे म्हातारे, शहरातून आलेले पावणे, सगळे चपला हातात घेऊन बसत आणि पाण्याला हात जोडत. मी बूट काढून मांडीवर घेई. भैरोबाचा तांदळा, शेंदूर लावलेला तो दगड, पाणी यायच्या आधीच वाजतगाजत वर आणून पत्र्याच्या नव्या देवळात बसवला होता. तात्यांना ते मान्य होतं. "देव वर आनला. जागा कुठं आनली?"

यातली गंमत अशी, की तात्यांच्या घरात भैरोबा नव्हताच. तात्या पोरवयाचे असताना वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले देवांचे टाक ओढ्यात सोडून दिले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे तात्या रोज मेणबत्ती लावत. सोपान नावाचा एक तोंडाळ गडी होडीत नेहमी असे. तो त्यांना छेडायचा. "तात्या, तुमी तर देव सोडले राव. मंग आमाला कशाला पायताणं काढाया लावता?"

"देव सोडले, सोपान. गाव न्हाई सोडलं."

कधी एखादी म्हातारी कुरकुरे. "देऊळ जरा अल्याड न्हवतं का रं?" तात्या शांतपणे सांगत, "पान्यावर अंतर फसवतं, मावशे." आणि मावशी चपला काढी.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं आणि गाव वर आलं. गुडघ्याएवढ्या भिंती, भेगाळलेला गाळ, एक फुटकं जातं. वस्ती सगळी खाली उतरली. बाया आपापली चूल शोधत होत्या. एक म्हातारा आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसला, त्याला उठवायला दोन माणसं लागली. तात्या सगळ्यांच्या मागून चालत होते.

मला मास्तरकी सुचली. तात्या आरोळी देत तेव्हा काठावरचं उंबराचं झाड आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत येत, हे मी होडीतून कितीदा पाहिलं होतं. मी ती रेष धरून, उंबरापासूनच्या अंतराच्या अंदाजाने चालत गेलो. जिथे पोचलो तिथे दगडांनी बांधलेला एक चौकोनी खड्डा होता आणि शेजारी एक सपाट दगड. देवळाचं जोतं तिथून लांब, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसत होतं.

"हे काय आहे?" मी ओरडून विचारलं.

"उकिरडा हाय की गावचा!" एक बाई म्हणाली.

आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, "म्हणजे इतकी वर्षं आपण उकिरड्याच्या पाया पडत होतो!"

ते हसू मला अजून ऐकू येतं. सोपान तर गाळात खाली बसला. सगळे तात्यांकडे बघू लागले. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या दगडाकडे, आणि म्हणाले, "गाव सरकलं आसंल पान्यात."

झालं. 'गाव सरकलं' हे वाक्य वस्तीला कायमचं मिळालं. कुणाची बस चुकली, गाव सरकलं. कुणाचं लग्न मोडलं, गाव सरकलं. आणि उकिरड्याची गोष्ट मी सांगितली. शाळेत सांगितली, घोडेगावात सांगितली, ओझरच्या गणपतीला सहल नेली तेव्हा गाडीत सांगितली. कुठे थांबायचं, तात्यांचा चेहरा कसा करायचा, हे मला पाठ झालं.

पाणी परत चढलं. तात्यांनी ठरल्या जागी वल्हं थांबवलं. कुणीच वाकलं नाही. "उकिरडा आला का तात्या?" सोपानने विचारलं. आणखी काही दिवस तात्या म्हणत राहिले, मग त्यांनी म्हणणं सोडलं. पुढे लोक म्हणू लागले, सरळ न्या, बस चुकते. त्यांनी होडी सरळ नेली. पहिल्यांदा सरळ नेली त्या दिवशी मी होडीत होतो. आम्ही घरांवरून गेलो. तात्या खाली बघत नव्हते, समोर काठाकडे बघत होते, इतर कोणत्याही नावाड्यासारखे.

एकदा दुपारी होडीत मी एकटाच होतो. त्यांचं ते गप्प राहणं मला सोसेना. म्हटलं, "तात्या, चूक कुणाचीही होते. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. "चूक? गुरुजी, देऊळ कुठं व्हतं ते मला ठावं न्हाई व्हय? हितंच जल्मलो मी."

"मग?"

"त्या उकिरड्याशेजारी सपाट दगड बघितला न्हवं तुमी? माझी आय गावात शिरताना तिथं पायताणं काढायची. आमची समदीच काढायची. तिथनं पुढं अनवानी. देवळाला हात जोडायचे ते बी तिथनंच. पानी आलं. पान्याखाली कुनाचा वाडा अन् कुनाचा उकिरडा, काय दिसतंय? म्हनलं, एकदा समद्यांनी हितं काढावी. देऊळ म्हनलं की काढत्यात. आय आसती तर लई हसली आसती."

आणि ते हसले. तात्यांना मी हसताना पाहिलं ते तेवढंच. मग वल्हं उचलत म्हणाले, "तुमाला सांगितलं. तुमी मास्तर हाय. कुनाला काय शिकवायचं ते तुमी ठरवा."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या लोणीतही वेशीजवळ तसा दगड होता. कुणासाठी होता, ते घरातली मोठी माणसं सहज, बोलता बोलता सांगत. दुसऱ्या दिवशी वर्गात तात्यांचं सांगता आलं असतं. पत्र्याच्या देवळापुढे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, उगाच जुनं उकरून वस्तीत भांडण कशाला, आपण बाहेरचे. ते कारण अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की सांगितलं असतं तर माझी गोष्ट मेली असती. लोकांना हसवणारी तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. खरं कळल्यानंतरही मी ती सांगत राहिलो, आणि आधीपेक्षा रंगवून.

पुढे माझी बदली झाली. वस्तीपर्यंत डोंगरावरून कच्चा रस्ता निघाला, पोरं कमी झाली, शाळा बंद पडली. माणसं एकेक करून मंचरला, चाकणला गेली. तात्यांची मुलगी सुनंदा जुन्नरला दिली होती. ती चला म्हणे, पण तात्या तिच्याकडे गेले नाहीत. होडी काठावर पालथी घालून ते तिच्या सावलीत बसतात, असं कुणीतरी मला सांगितलं होतं.

शेवटची भेट घोडेगावच्या स्टँडवर झाली. सोपानने तिथे चहाची टपरी टाकली होती. तात्या दवाखान्यातून आले होते, हातात औषधाची पिशवी. "बरं हाय ना गुरुजी?" एवढं बोलले. तेवढ्यात सोपान टपरीतून ओरडला, "काय पाटील, आज कुठवर सरकलं गाव?" चहा पिणारी चार अनोळखी माणसं हसायला लागली. सोपान म्हणाला, "गुरुजींना इचारा, त्यांनीच शोधलाय उकिरडा!" तात्या माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, वर्गातलं एखादं पोर उत्तराची वाट बघतं तसे. मी बसच्या पाटीकडे बघितलं आणि म्हणालो, "माझी गाडी लागली वाटतं." ती माझी गाडी नव्हती. तरी चढलो आणि पुढच्या फाट्यावर उतरलो.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. जलदान विधीला त्यांच्या घरापुढे छोटा मांडव होता. बुद्धवंदना झाली, मग माणसं एकेक करून आदरांजली वाहायला उठली. सोपान आता म्हातारा झालाय, काठी घेऊन आला होता. त्याने डोळे पुसले आणि माइकवर म्हणाला, "तात्यांसारखा गमतीचा मानूस न्हाई. ती उकिरड्याची गोष्ट गुरुजींनी सांगावी. त्यांच्यासारखी कुनाला येत न्हाई."

मी उठलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. माइक हातात घेतला, समोर ओळखीचे चेहरे हसायच्या तयारीत बसलेले दिसले, आणि मी तीच गोष्ट सांगितली. नेहमीच्या जागी थांबलो, नेहमीच्या जागी लोक हसले.

चहा घेऊन सुनंदा आली. ती वडिलांना आबा म्हणे. कप माझ्या हातात देत हळू आवाजात म्हणाली, "दगडाचं आबांनी तुमाला सांगितलं व्हतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"आमाला घरात ठावं हाय ते. मी म्हनायची, आबा, सांगून टाका की लोकांना. तर म्हनायचे, आपन सांगितलं तर गाऱ्हानं व्हतं. गुरुजींनी सांगितलं तर गाव ऐकंल."

"वाट बघायचे?"

"पैल्यांदा बघायचे. कुनी तुमच्याकडनं आलं की इचारायचे, काय म्हनले गुरुजी? मंग इचारायचं सोडलं." आणि ती पुढच्या माणसाला चहा द्यायला गेली.

आता वस्तीवर माणसं राहतात अशी घरं थोडीच आहेत, आणि ज्यांनी हे ऐकायला हवं होतं त्यातले बहुतेक गेले. ज्यांनी माझ्याकडून ती गोष्ट ऐकली, हसले आणि पुढे सांगितली, त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी एवढं लक्षात घ्यावं. गाव सरकलं नव्हतं. देऊळ कुठे होतं, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.