कागदावरची शेवंती

झेलीबाई गावातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी शेवंती पिकवायच्या, पण स्वतःच्या घरात त्यातलं एक फूल येऊ द्यायच्या नाहीत. आमच्याकडे फ्रान्समध्ये शेवंती कबरीवरच ठेवतात. एक नोव्हेंबरला, मेलेल्यांची आठवण करायच्या सणाला, अख्खा गाव त्यांच्याकडून कुंड्या घेऊन कबरस्तानात जायचा आणि बाई त्या दिवशी दार लावून बसायच्या.

त्यांचा मुलगा फिर्मां एकोणीसशे सोळा साली महायुद्धात बेपत्ता झाला. ते पत्र मीच नेऊन दिलं, मी इथला पोस्टमन. पत्रात 'बेपत्ता' होतं, 'मृत' नव्हतं. त्या एका शब्दावर बाईंनी पाच वर्षं काढली. चौकातल्या दगडावर लढाईत गेलेल्या पोरांची नावं कोरली, तेव्हा फिर्मांची जागा त्यांनी भांडून कोरी ठेवायला लावली. रोज सकाळी फाटकाशी विचारायच्या, "आहे का रे काही?" मी मान हलवायचो. मला त्या फाटकाचाच राग यायचा.

एकवीस सालच्या ऑक्टोबरात पॅरिसहून ओदील नावाची चित्रकार मुलगी आली. सायकलला जलरंगांची पेटी बांधून हिंडायची. तिने बाईंकडे एक जांभळी शेवंती मागितली.

"कोण गेलं गं तुझं?"

"कुणी नाही. टेबलावर ठेवणार आहे."

"टेबलावर? मग जेवायला कुणाला बोलावतेस, कबर खणणाऱ्याला?"

ओदील हसली, पण हटली नाही. शेवटी असं ठरलं, की कुंडी जागची हलणार नाही, तिने वाफ्यापाशी बसून काय ते रंगवावं.

तीन दिवस ती येत होती. नदीवरून धुकं चढायचं आणि कागद सुकायचं नाव घेत नसे. एका पाकळीचा रंग दुसरीत हळूच उतरायचा. मी टपालाची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बघत उभा राहायचो. कुठे जायचंय तेही आठवत नसे. बाईंचं सूप चुलीवर करपायचं.

"अगं, कडा धर की," बाई एकदा म्हणाल्या. "फूल असं विरघळतं का कधी?"

"धुक्यात मला असंच दिसतं."

बाई कागदाजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "फिर्मांचा चेहरा मला हल्ली असाच दिसतो."

जाताना ओदीलने चित्र त्यांनाच दिलं. मला वाटलं, आता बाई ते पोरीच्या अंगावर भिरकावणार. बाईंनी एप्रनला हात पुसले आणि ते घेतलं.

एक नोव्हेंबरला सगळे कबरस्तानात होते. मी चौकातून चाललो होतो, तर बाई त्या दगडासमोर उभ्या. कोऱ्या जागेखाली त्यांनी चित्र टेकवलं होतं. बारीक पाऊस सुरू झाला आणि जांभळा रंग ओघळायला लागला. मी धावत जाऊन चित्र उचलायला वाकलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "कबरीवरचं फूल कुणी परत घरी नेतं का?"

मी माझी टोपी काढली. रंग बराचसा वाहून जाईपर्यंत आम्ही दोघं तिथे भिजत होतो. मग त्यांनी विचारलं, दगड कोरणारा हल्ली कुठे राहतो.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी फाटकाशी थांबलो. बाई वाफ्यात वाकल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, हात केला, आणि काहीच विचारलं नाही.