मैद्याचा काटा आणि आकसलेली झबली

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा दिवसांनी आणा. वजन वाढलं तर ठीक. नाही वाढलं तर बाळाला इथे ठेवून घ्यावं लागेल." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझी लेक मान हलवून बाहेर आली. जावई गाडी काढायला गेले. मी मात्र दारातच उभी, हातात आठ दिवसांची नात, आणि डोक्यात एकच, की दहा दिवसांत मी काय काय करू शकते.

बसून वाट पाहणं मला कधी जमलंच नाही. हात रिकामा राहिला की डोकं भलतीकडे जातं. आणि या वेळी तर भलतीकडे जायला जागाही होती. नात जन्मली तीच लहान. मूठ माझ्या अंगठ्याएवढी. कोणी काही म्हणायच्या आत मीच सगळ्यांना सांगून टाकायची, "हो बाई, लहानच आहे." म्हणजे लेकीसमोर दुसऱ्या कोणी बोलू नये.

हुडकेश्वरच्या आमच्या घरात समोरची खोली बाळंतिणीला दिली. जावई खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, शिफ्टची नोकरी, ते रविवारी येणार. उरलो आम्ही दोघं म्हातारे आणि त्या दोघी.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी महालच्या बाजारातून चार मीटर मलमल आणली आणि दुपारी कात्री लावली. पाचवीपर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही म्हणून माझ्या जुन्या साड्यांचीच लंगोटं होती, ती भरपूर झाली होती. आता नवं चालणार होतं. शिवणाचा क्लास मी कधी केला नाही. जुनी पोलकी उसवायची आणि तुकडे पाहून शिकायचं, अशी माझी शाळा. तीन दिवसांत बंदांची नऊ झबली झाली, दोन कुंच्या, एक दुपटं. लोकरीचे मोजेही विणले, कारण थंडी वाढत चालली होती.

मधेच भट्टीचं काम. लेक डिंकाच्या लाडवांना कंटाळली होती. तिने सातव्या महिन्यात येताना आपला छोटा ओव्हन आणला होता, सोबत एक वजनाचा काचेचा चपटा काटा. "आई, तुझ्या वाटीने केक फुगत नाही, ग्रॅम लागतात," असं मला शिकवायची. आमच्या लहानपणी आम्ही मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचो आणि नानखटाई करून आणायचो. ग्रॅम कोणाला माहीत होते? पण मी शिकले. अळीव आणि नाचणी घालून बिस्किटं केली. अळिवाने दूध येतं. पहिला घाणा करपला, दुसरा दगड झाला, तिसरा तिने खाल्ला.

आणि त्या तिसऱ्या घाण्याच्या वेळी, मैदा मोजता मोजता माझ्या मनात आलं. या काट्यावर पाच किलोपर्यंत वजन होतं.

लेक आंघोळीला गेली की मी नातीला स्वयंपाकघरात आणायची. काट्यावर पितळी परात ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, परातीत दुपटं आणि त्यात ती. दवाखान्यात दोन किलो शंभर होतं. पहिल्याच दिवशी माझ्या काट्याने दाखवलं दोन किलो तीनशे. माझे पाय जमिनीवर राहिनात. दुसऱ्या दिवशी आणखी तीस वाढले. तिसऱ्या दिवशी आणखी. मी कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. फक्त गॅसपुढे उभी राहून एकटीच हसायची.

दहातल्या पाचव्या दिवशी नातीने सगळे कपडे ओले केले. मी ते काढले, कोरडं करून तशीच परातीत ठेवली. दोन किलो एकशे चाळीस.

मी पुन्हा शून्य केलं. पुन्हा ठेवली. एकशे चाळीस. परात पुसली. काटा उचलून दुसऱ्या ओट्यावर नेला. तेच.

"आई, काय करून राहिली वं?"

लेक दारात उभी होती, डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, "काही नाही, वजन पाहून राहिली."

"कणकीची परात आहे ती."

"धुतली वं मी."

"रोज करतेस?"

ती खाली स्टुलावर बसली. रडेल असं वाटलं, पण तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मले वाटतच होतं. पाजून झालं की तू माझ्याकडे अशी पाहते, जशी मी नापास होऊन घरी आली. मी काय म्हैस आहे का, आज किती दिलं ते मोजाले?"

"तसं नाही वं बाई."

"मग कसं?"

आता हिला काय सांगू? हीच जन्मली तेव्हा अशीच लहान होती. माझ्या सासूबाई रोज सकाळी तिला हातावर तोलायच्या आणि म्हणायच्या, दूध पातळ आहे हिचं. माझ्यासमोर, शेजारणींसमोर. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या लेकीला मी असं एक अक्षर बोलणार नाही. आणि खरंच बोलले नव्हते. पण पितळी परात घेऊन तिच्याच लेकरापुढे उभी होते.

"वजन कमी झालं," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ती झटकन उठली. काटा पाहिला, नातीला पाहिलं, मग मला विचारलं, "काल काय घातलं होतं हिले?"

मी सांगितलं. झबलं, लंगोट, कुंची, मोजे, वरून दुपटं. तिने नातीला उचलून माझ्या हातात दिलं, दोरीवरून कालच्यासारखेच कपडे काढून आणले आणि परातीत टाकले. दोनशे चाळीस ग्रॅम.

"घे," ती म्हणाली, "तुझी वाढलेली नात इथे आहे."

थंडी वाढली तसे कपडे वाढले आणि कपड्यांबरोबर आकडा. मीच शिवलेले, मीच चढवलेले, आणि मलाच कळलं नाही. तेवढ्यात हे पाणी प्यायला आले. परातीतले मोजे पाहून म्हणाले, "आज भाजीले हे आहे का?" लेक हसली. पण काटा तिने कपाटावर ठेवला, अगदी मागे, आणि म्हणाली, "आता पाच दिवस नाही. तू फक्त बस."

बस म्हणे. मी दोन वेळा मटार सोलले, एकदा लागत होते म्हणून आणि एकदा उगाच. मिक्सरला झगा शिवला. पडद्यांच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. हे म्हणाले, "आता मलेही एखादं झबलं शिव, मीच राहिलो." तिच्या खोलीत पाजणं चाललेलं असायचं आणि मी बाहेर मशीनवर, पायाने पायडल हलवत, सुईत दोरा नसतानाही.

आठव्या दिवशी अंघोळ घालून झबलं घातलं तर बंद पुरेना. आधी बंद काखेपर्यंत जाऊन वर गाठ मारूनही उरायचा. दुसरं झबलं घातलं, तेही घट्ट. मी धावत खोलीत. "अवं, झबली होऊन नाही राहिली हिले. वाढली ही."

लेकीने हातात झबलं धरलं. कडेने बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "आई, कापड भिजवलं होतं ना?"

माझ्या आजोबांच्या घरी माग होता. कोरं कापड रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे आमच्या घरात पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. आणि मी सकाळी आणून दुपारी कापलं होतं. दोन धुण्यांत नऊच्या नऊ आकसली होती.

"नाही भिजवलं," मी म्हटलं.

तिने सरकून पलंगावर जागा केली. मी बसले. ती पाजत होती, मी तिच्या केसांतून तेलाचे हात फिरवत होते. गिळण्याचा बारीक आवाज येत होता. इतके दिवस मी तो ऐकलाच नव्हता, मशीनवर होते ना. घोट, मग थांबणं, मग पुन्हा घोट. त्यावरून कळत काहीच नव्हतं. पण मी त्या दिवशी सांजवातीपर्यंत तिथून उठले नाही. उठावंसं फार वाटत होतं.

दहाव्या दिवशी दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "आजी, सगळे कपडे काढा." लेक माझ्याकडे पाहून गालात हसली. मी एक एक काढलं, मोजेसुद्धा. नात थंड काट्यावर पडताच किंचाळली.

दोन किलो तीनशे दहा.

मी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हटलं, "सिस्टर, एकदा उचलून पुन्हा ठेवा ना."

"ठेवा हो," लेक म्हणाली. "नाहीतर ही घरी जाऊन परात काढते."

पुन्हा तेच आलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, ठेवून घ्यायची गरज नाही म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या. लेकीने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवलं, आणि तेव्हा मला दिसलं की ती या दहा दिवसांत किती वाळली होती. मी एवढं तोलत राहिले, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"घाल तूच कपडे," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी झबलं चढवलं. वरचा बंद कसाबसा बांधला. खालचा पुरलाच नाही, तो तसाच मोकळा सोडला आणि वरून दुपटं गुंडाळलं.