अक्कांनी नापास केलेले खेळ

ज्या व्हिडिओ गेमला जगभरातल्या जाणत्या लोकांनी शंभरात नव्वदच्या वर मार्क दिलेले असायचे, त्याला आमच्या अक्का पासापुरते पस्तीससुद्धा देत नसत. आणि हा निकाल त्या कुजबुजत द्यायच्या. आधी जिन्याकडे बघायच्या, मग टीव्हीचा आवाज आणखी कमी करायच्या, पदराने कपाळ टिपायच्या आणि म्हणायच्या, "शोभा, नापास गं हा. बिलकुल नापास." एवढं झालं की कंट्रोलर उशीखाली जायचा आणि हातात मेथीची जुडी यायची.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर हसनाबादचं, घरची शेती, शिक्षण बारावी. सासर आमचं जुन्या जालन्यात. खाली बियाण्यांचं दुकान आणि वर आम्ही सगळे. आता नवऱ्याच्या नोकरीपायी मी दुसऱ्या शहरात राहते, पण त्या दुपारी आठवल्या की अजून माझे कान गरम होतात. दोन बायका, एकीचे केस पिकायला लागलेले, भर दुपारी गेम खेळत बसतात, हे सांगायचं तरी कुणाला? पत्ते खेळलो असतो तर चाललं असतं. मालिका तर राजरोस चालायच्या. त्यात सुना सासवांच्या दुधात विष कालवायच्या आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ते मन लावून बघायच्या. पण गेम? छे हो! ते पोरांचं, त्यातही वाया गेलेल्या पोरांचं.

सुरुवात झाली ती ओंकारच्या मनगटापासून. ओंकार हा अक्कांचा एकुलता एक. दहावी पास झाला म्हणून त्याच्या वडिलांनी गेमचं मशीन घेऊन दिलेलं. अकरावीत कबड्डी खेळताना पोरगा हातावर पडला आणि कोपरापर्यंत प्लास्टर आलं. गेम अर्धवट राहिलेला, जीव तिकडे लागलेला. मग अक्कांच्या मागे लागला, "आई, तू फक्त बटन दाब, मी सांगतो कुठलं." अक्का आधी नाही म्हणाल्या, मग लेकरू आजारी म्हणून बसल्या. पहिले दोन दिवस त्यांचा हिरो भिंतीला टक्कर देत उभा असायचा. महिन्याभरात ओंकारचं प्लास्टर निघालं, तो कॉलेजात जायला लागला, आणि अक्का एका दुपारी मला म्हणाल्या, "शोभा, जरा गॅलरीत बसतीस का? गेममधली ती नदीच्या पलीकडची बाई काय म्हणते, तेवढं बघून घेते."

तेव्हापासून माझी ड्यूटी लागली. दुकानातली मंडळी जेवून खाली गेली, आत्याबाई आत पडल्या, की मी गॅलरीत डाळ निवडत बसायचे. जिन्यात चप्पल वाजली की खोकायचे. आत्याबाई हुशार बाई. त्यांना वाटलं, हिला दुपारचाच खोकला कसा येतो? मग रोज जेवण झालं की अडुळशाचा कडूजहर काढा माझ्यासमोर यायचा आणि तो पिऊन होईपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. अख्खा हिवाळा मी ठणठणीत असून तो काढा प्याले. अक्का भांडी आवरता आवरता तोंडात पदर कोंबून हसायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

अक्कांची पहिली तक्रार दाराची. एक फार नावाजलेला गेम होता. ओंकारचे मित्र त्याचं नाव घेताना, उस्तादाचं घ्यावं तसे, कानाला हात लावायचे. त्यातला शूरवीर कुणाच्याही झोपडीत घुसतो, पेट्या उघडतो, मडकी फोडतो, सापडेल ते झोळीत टाकतो, आणि घरातली म्हातारी त्याच्याकडे बघून नुसती म्हणते, आज हवा छान आहे. अक्का खवळल्या. "दारातून हाक न्हाई, पायताण काढणं न्हाई, सरळ लोकांच्या डब्यात हात! आणि ह्याला म्हणे जग वाचवायचंय. याला लाज कशी न्हाई गं?" त्यांनी ठरवलं, गरिबाच्या घरातलं काही घ्यायचं नाही. आता त्या गेमची रचनाच अशी, की औषधं असायची त्या झोपड्यांमध्येच. मग काय, अक्कांचा शूरवीर औषधाविना वाटेत मरायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा मरायचा. ओंकारने डोक्याला हात लावला. "आई, ती खरी माणसं न्हाईत!" अक्का म्हणाल्या, "ती न्हाईत, पण मी आहे ना."

ज्या गेमचं 'केवढं मोठं जग, केवढी कामं' म्हणून कौतुक होत होतं, त्याला तर त्यांनी दोन दुपारींत निकालात काढलं. नकाशाभर खुणा. याचं पीठ पोचव, त्याची बकरी शोध, तिच्या नवऱ्याला निरोप दे. अक्कांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सकाळी पाचपासून मी काय करून राह्यले मंग? घरात सासरची माणसं कामं सांगतात, इथं ओळख ना पाळख ती सांगतात. नापास." एक गेम अवघड म्हणून गाजला होता. पोरं अभिमानाने सांगत, आम्ही किती वेळा मेलो. अक्का आत्याबाईंच्या बंद दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "छळतो म्हणून भारी असं असेल, तर आपल्या घरात पण दहापैकी दहावालं माणूस हाय की." मला हसू आवरेना, आणि खोकला मात्र आता खराच लागला.

ओंकारला वाटलं, आईला शेतीचा गेम आवडेल. गोड चित्रं, गोड गाणी, लोकांनी डोक्यावर घेतलेला. अक्कांनी शेत नांगरलं, पेरलं, चार मिनिटांत पीक उभं. विकायला नेलं तर भाव कालचाच. कंट्रोलर बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "राक्षस उडतात ते मी मानते. हे न्हाई मानत." माहेरची आठवण झाली असावी. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला.

पण ज्याच्यावरून त्या खऱ्या चिडल्या, तो गेम वेगळा होता. सूडाची गोष्ट. समीक्षकांनी तर म्हणे लिहिलं होतं, की असं काळीज हलवणारं काही आजवर झालंच नाही. एका ठिकाणी समोर एक बाई गुडघ्यावर बसलेली असते, हात जोडून. पडद्यावर बटन दिसतं, दाबा. अक्कांनी दाबलं नाही. वाट बघत राहिल्या. बाई तशीच रडत बसलेली, शूरवीर तसाच सुरी धरून उभा. अक्का म्हणाल्या, "थांबू जरा, सोडून देतील तिला." मी डाळ निवडून संपवली, चहा टाकला, तरी तेच. दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता. शेवटी त्यांनी बटन दाबलं आणि तोंड फिरवलं. मग पुढचा अर्धा तास तो गेम त्यांनाच दाखवत राहिला, बघा तुम्ही काय केलंत, तिची लेकरं बघा. अक्का तांबड्यालाल झाल्या होत्या. "बटन एकच ठेवायचं, आणि दोष माझा! लाज मला आणायची! ज्यानं हे बनवलं त्याला का न्हाई येत?" त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "अक्का, चहा गार होऊन राह्यलाय." दुसरं काय बोलणार होते?

मग खेळायच्या कशाला, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी करून दाखवलं. कुठल्याही गेममध्ये, नापास असला तरी, त्या घोड्यावर बसून सगळ्यांत उंच डोंगर गाठायच्या आणि कडेला नुसत्या उभ्या राहायच्या. खाली ढग, दूर कुठेतरी दिवे. "बघ शोभा, कुणी हाक मारत न्हाई." मी त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे. गॅलरीतली ड्यूटी तेवढा वेळ माफ असायची.

आणि नको ते झालं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायका चारनंतर यायच्या होत्या. अक्का 'एवढ्या एका राक्षसाला संपवते' म्हणून दुपारी बसल्या, आणि मधेच सोडलं तर तीन दिवसांची मेहनत पाण्यात जाणार होती. जिन्यात बांगड्या वाजल्या. अक्कांनी खेळ तिथेच थांबवला, टीव्हीवर भरतकामाची चादर टाकली आणि हातात तबक घेतलं. दिवाणखाना गच्च भरला. कुणीतरी विचारलं, "टीव्ही का झाकला?" मी म्हटलं, "धूळ फार येते." तेवढ्यात शेजारच्या काकू लोडाला टेकल्या. लोडामागे कंट्रोलर होता. चादरीखालून अशी डरकाळी आली, की एका लेकराने भोकाड पसरलं.

"मेलं ते ओंकारचं भूत," आत्याबाई ओरडल्या. आणि नेमका त्याच वेळी ओंकार क्लासवरून आला, सोबत मित्र. त्याने घाईघाईने चादर ओढली. मित्र पडदा बघून चाटच पडला. "ओम्या, तू इथपर्यंत आल्ता? काल तर म्हणत होता, पुलावरच मरून राह्यलोय!"

आणि अक्का, हातात हळदीकुंकवाचं तबक, समोर वाकलेली पाहुणी, बोलून गेल्या, "पुलावरून जायचंच न्हाई. खालून, पाण्यातून."

काकूंनी डोळे मोठे केले. "अगंबाई, तुम्ही खेळता हे?"

मी ओंकारकडे बघितलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं होतं. मित्र एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत होता आणि हसू दाबत होता. ओंकार म्हणाला, "न्हाई हो काकू! आईला काय कळतं त्यातलं. माझ्याच तोंडून ऐकलेलं बोलून राह्यली."

"हो ना," अक्का लगेच म्हणाल्या. "दिवसभर कानावर पडतं." आणि त्यांनी काकूंच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू जरा वाकडं लागलं, ते बोटाने पुसून पुन्हा लावलं. मी तिळगूळ वाटत सुटले, ज्यांना दिला होता त्यांनाही परत दिला. त्या वेळी आम्हा दोघींना जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ओंकार स्वयंपाकघरात आला. वाईट पोरगा नाही तो. मान खाली घालून म्हणाला, "आई, तू खेळत जा. पण माझ्या मित्रांसमोर त्यातलं बोलू नको. हसतात गं." अक्का कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "बराबर आहे तुझं." त्यानंतर मित्र आले की त्या पोह्यांच्या बश्या दाराशी ठेवून आत यायच्या. आत येऊन भिंतीला कान लावायच्या. बाहेर पोरं एखाद्या गेमची वाहवा करत असली, की यांची बोटं ओट्यावर नुसती वळवळायची. दुपारचा खेळ चालू राहिला, पण निकाल देणं कमी झालं. मी विचारलं, "अक्का, हा कसा?" तर म्हणायच्या, "असेल चांगला. आपल्याला काय कळतं?" मला फार राग यायचा. कुणाचा, ते मात्र नीट सांगता येत नाही.

बारावी झाली, ओंकारला पुण्याला इंजिनीअरिंग मिळालं. मशीन तो घेऊन जाणारच होता. त्याचंच होतं ते. अक्कांनी स्वतः ते पुसलं, जुन्या साडीत गुंडाळलं, वायरी रबराने बांधून दिल्या. स्टँडवर गाडी हलली तेव्हा बाकीच्या आया रडतात तशा त्याही रडल्या. घरी आल्यावर दुपार झाली. मी सवयीने डाळीचं ताट घेऊन गॅलरीत बसले, आणि अक्का आत जाऊन आत्याबाईंशेजारी मालिका बघत बसल्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. अक्का कणीक मळत होत्या, मी पोळ्या लाटत होते. ओंकारचा फोन आला. अक्कांचे हात कणकीचे, म्हणून मी फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. मागे हॉस्टेलच्या पोरांचा कालवा, आणि ओंकार बोलत होता एकदम दबक्या आवाजात.

"आई, ती बर्फातली चेटकीण... तू गेल्तीस ना तिच्या पुढं? मी चार दिवसांपासून अडकून पडलोय."

मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. अक्कांनाही आला असणारच. पण त्या कणीक मळत म्हणाल्या, "काय? ऐकू येत न्हाई."

"चेटकीण गं, चेटकीण."

"मोठ्यानं बोल. काही कळून न्हाई राह्यलं."

मधे थोडा वेळ नुसता कालवा. मग पोरगं घसा खाकरून मोठ्याने म्हणालं, "आई, तू त्या चेटकिणीला हरवलं होतंस ना? कसं हरवलंस, सांग ना!" तिकडचा कालवा थांबला. कुणीतरी विचारलं, "ए, तुझी आई खेळते?" आणि ओंकारचा आवाज आला, "हो मंग. माझ्यापेक्षा भारी खेळते."

अक्कांचे हात कणकीतच थांबले. मग त्यांनी सांगितलं. घाई न करता, सगळं. तिच्या डाव्या बाजूला राहा, ती हात वर करते तेव्हा मारू नको, थांब, आधी तिला थकू दे. सांगताना त्यांचा अंगठा कणकीत आपोआप दाबला जात होता. शेवटी म्हणाल्या, "आणि ऐक, मेली की पळू नको. ती काय बोलते ते ऐक. तेवढ्यासाठी मी त्या गेमला पास केलंय." फोन बंद झाला. त्यांनी दंडाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या, की मला रडू आलं.

तेवढ्यात बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "कोण गं? ओंकार होता का? एवढ्या मोठ्यानं काय सांगून राह्यली होतीस त्याला?"

अक्कांचं हसू गेलं. त्यांनी कणकीचा गोळा उगाच उलटा केला. खरं काय ते मी सांगायचं, तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी तव्यावरची पोळी उलटली.

"काही न्हाई आत्याबाई," अक्का म्हणाल्या, "खिचडीला पाणी किती घालायचं, विचारून राह्यला होता."

"हो," मी म्हणाले. "पोरं रूमवर खिचडी करून राह्यलीत."

"गुणाचं लेकरू माझं," आत्याबाई म्हणाल्या. "एवढा शिकून राह्यला, पण अडलं की आईलाच विचारतो."

अक्कांनी गोळा माझ्याकडे सरकवला. मी लाटायला घेतला. आम्ही दोघींनी मान वर केली नाही.