निकम वहिनींचा धबधबा

निकम वहिनींना रिकामे हात सहन होत नसत, स्वतःचे तर नाहीच. सोसायटीच्या पायरीवर कुणी मटार सोलत बसलेलं दिसलं, की भाजीला निघालेल्या वहिनी पिशवी बाजूला ठेवून तिथंच फतकल मारायच्या. मटार संपेपर्यंत त्या बाईच्या सुनेचं माहेर, नातवाचं दुखणं, सगळं त्यांना कळलेलं असायचं. मी याला नसत्या चौकशा म्हणायचो. "रिकाम्या हातानं कुणाला काही इचारू नाय, भाऊ," असं त्यांचं म्हणणं. सटाण्याकडच्या शेतकरी घरातल्या त्या. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना नाशिकला आमच्या तळमजल्यावर आणून ठेवलं होतं.

स्पष्टच सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. तोवर सोसायटीत माझा शब्द चालायचा. रविवारच्या ट्रेकिंग ग्रुपचा मी लीडर. गळ्यात शिट्टी, पाठीवर दोर, आणि कुठला गड कुठून चढायचा हे मला विचारल्याशिवाय कुणी बुटाची नाडी बांधत नसे. फक्त एक जागा मला हुलकावणी देत होती. हरसूलच्या पुढे एका पाड्याखालच्या जंगलात एक धबधबा आहे, एवढंच ऐकून होतो. नकाशात तो नव्हता. दोन पावसाळे जाऊन आलो, दोन्ही वेळा भलत्याच ओढ्यात उतरलो. पाड्यावर विचारलं की लोक हात हलवून म्हणायचे, "हे काय, पल्याड." त्या पल्याडला अंतच नव्हता.

तिसऱ्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी मला न विचारता वहिनींना सोबत घेतलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, वर खोचलेली साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. मी जीपमध्ये सगळ्यांना शिस्तीवर एक भाषण दिलं, ते मुख्यतः त्यांच्यासाठी होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा भाताची आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकून बायका रोपं लावत होत्या. मी बांधावरूनच वाट विचारली. एकीनं मान वर न करता हात हलवला. वहिनींनी मात्र बूट काढले, रोपांची जुडी उचलली आणि सरळ खाचरात उतरल्या. मी शिट्टी वाजवली. "तुम्ही व्हा पुढं, मी एवढी ओळ लावते," म्हणाल्या. मी वैतागून बाकीच्यांना घेऊन जंगलात शिरलो.

तीन तास आम्ही कारवीत घुसून अंग ओरबाडून घेतलं. शेवटी चिखलानं माखून, एकमेकांशी न बोलता पुन्हा पाड्यावर आलो. वहिनी तिथं नव्हत्या. थोड्या वेळानं पलीकडच्या झाडीतून त्या आल्या, केसांपासून पदरापर्यंत निथळत. सोबत आवणीतली एक बाई होती, जनाबाई. "जाऊन आले भाऊ," वहिनी हसत म्हणाल्या. "लय मोठं पाणी हाय. चला, तुम्हाला बी दाखवते."

सगळा ग्रुप आरोळ्या ठोकत त्यांच्यामागे निघाला, आमची ही सगळ्यांत पुढे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझा पाय मुरगळलाय, तुम्ही जा," असं सांगून मी बांधावर बसून राहिलो.

परत आल्यावर वहिनींनी जनाबाईकडून हळद-चुना आणून माझा उजवा पाय बांधून दिला. मी लंगडत जीपकडे निघालो. वहिनी शेजारून चालत होत्या. थोडं अंतर गेल्यावर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, पाय बदलला का?" मी खाली पाहिलं. पट्टी उजव्या पायाला होती आणि लंगडत होतो डाव्यानं.

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पुढची सहा वर्षं ग्रुप दर जुलैत त्यांच्याबरोबर तिकडे जायचा आणि मला दर जुलैत काहीतरी काम निघायचं. लोक त्याला 'वहिनींचा धबधबा' म्हणू लागले. त्यांचे ओले, हसरे फोटो पाहिले की मी मोबाइल पालथा ठेवायचो. एकदा तरी या बाईनं माझ्याकडे पाहून मनात जळावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग वहिनींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढउतार कायमचे बंद केले आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "जनाबाईसाठी लुगडं घेतलंय. तुम्हीच नेऊन द्या, भाऊ. एकटेच जा."

गेलो. आवणी चालू होती. बांधावर उभं राहून मी जनाबाईला हाक मारणार होतो, पण ओठांवर आलेली हाक गिळली आणि बूट काढले. माझी ओळ पाहून सगळ्या बायका पोट धरून हसल्या. "सापावानी गेली की वो तुमची वळ!" जनाबाई म्हणाली. पण दोन ओळी झाल्यावर हात धुऊन तिनं लुगडं घेतलं आणि तीच पुढे निघाली. वाट आम्ही शोधायचो तिथून जेमतेम हाकेच्या अंतरावर होती. एका उंबरामागून वाकून कपारीत शिरायचं, मग ओढ्याच्या पाण्यातूनच वर चालायचं. वळण घेतलं आणि तो समोर आला. एवढा मोठा की जनाबाई काय बोलतेय ते ऐकूच येईना. मी तिथं लहान मुलासारखा रडलो. सात वर्षं मी हे कुणावर रुसून गमावलं?

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. घरात बांधलेली खोकी होती आणि त्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. उंबर, कपार, माझी वाकडी ओळ, मी भरभरून सांगत सुटलो. त्या ऐकत राहिल्या. मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुमचा हेवा वाटला बगा, भाऊ."

हेच तर मला ऐकायचं होतं. पण आता ते नकोसं झालं. घाईघाईनं मी म्हणालो, "तसं काही खास नव्हतं हो, वहिनी. यंदा पाणीच कमी आहे."

माझ्या नखांत अजून खाचरातला चिखल होता. वहिनींनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पाय बदलला का?"