मावशीच्या शेजारची सुपारी

मुरुडच्या मावशीनं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही आणि त्याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं. शेजारणीनं एकदा तिच्या पुरणपोळीला जाड म्हटलं होतं. त्यानंतर दर सणाला मावशी शेजारणीसाठी एक पोळी मुद्दाम भाकरीएवढी जाड लाटायची आणि हसतमुखानं वाढायची. "इसरायला मी काय देव हाय का?" ब्लाऊजला हुक लावता लावता ती म्हणायची.

तिचा खरा राग मात्र मावसांवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर होता आणि त्यात थोडा माझाही वाटा होता. मावसा लातूरला कचेरीत कारकून होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना कशातच गोडी वाटेनाशी झाली. जरा मन रमेल म्हणून मी सगळ्यांना सिनेमाला नेलं. त्यात संसाराला कंटाळलेला एक गृहस्थ घर सोडून डोंगरात जातो आणि पुढं मुलीच्या लग्नात परत येतो, तेव्हा बायको रडत त्याच्या गळ्यात पडते. आम्हीही सगळे रडलो. मावशी रडली नाही. "तवर घरात गॅसची टाकी कुणी आणली?" एवढंच तिनं विचारलं.

महिन्याभरात मावसा नोकरी सोडून हिमाचलात गेले. तिथून लोकरीच्या टोपीतले फोटो पाठवायचे. मावशीनं मशीनवर कपडे शिवून लेकीला, स्वातीला, नर्सिंगला घातलं. दरवर्षीच्या सत्यनारायणाला नवरा हजर नाही म्हणून गुरुजींनी त्यांच्या जागी पाटावर सुपारी ठेवायची तोड काढली. पूजा झाली की मावशी ती सुपारी पुसून मशीनच्या खणात ठेवायची. मी गेलो की चहा देताना म्हणायची, "तिकिटं तूच काढली व्हतीस रे." दर वेळी. मला मान वर करता यायची नाही.

पाच वर्षांनी स्वातीचं लग्न ठरलं. कन्यादानाला मामा-मामींनी बसावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मावशीनं ऐकलं नाही. मुलीला तिनं एकटीनं वाढवलं होतं, तर तिचा हातही स्वतःच जावयाच्या हाती द्यायचा होता. सुपारी शेजारी ठेवून ती बसली, आणि नेमके तेव्हाच मावसा मांडवात आले, भर मे महिन्यात लोकरीची टोपी घालून. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. "यजमान आले, आता सुपारी काढू," ते म्हणाले.

मावशीनं सुपारीवर हात ठेवला. "राहू द्या. पाच सालं झाली, ही माझ्याजवळ बसून राहिली. कुटं गेली न्हाई."

मग तिनं मला खुणेनं बोलावलं. टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी पाहुण्यांची नावं माईकवर पुकारायचं काम माझ्याकडं होतं. "ह्यांचं नाव पुकार," ती म्हणाली, "तिकिटं तूच काढली व्हतीस." मी पुकारलं, "हिमाचलहून आलेले पाव्हणे..." मामांनी मावसांच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढून पांढरी घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. मावसा जाऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्यानंतर मावशीनं माझ्यापुढं तिकिटांचं नाव काढलं नाही.

मावसा मुरुडलाच राहिले. मावशीनं त्यांना हाकललं नाही. बाहेरच्या खोलीत जागा दिली, तांब्या-भांडं समोर नेऊन ठेवलं, जेवताना आग्रह केला आणि रोज सकाळी न चुकता विचारलं, "पाव्हणं, निघणार कवा?" सहा वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. बायका म्हणाल्या, नवऱ्यानं कुंकू लावावं. मावसा करंडा घेऊन पुढं झाले. खांद्यावर तोच टॉवेल होता, विटलेला. करंड्याचं झाकण त्यांना निघेना. मला त्यांची दया आली, मावशीनं ती मला कधीच माफ केली नसती.

स्वातीनं मशीनच्या खणातली सुपारी आणून आईच्या मुठीत ठेवली. मग बापाकडं वळली.

"पाव्हणं, लवकर आटपा," ती म्हणाली. "आईला निघायचंय."